हारात दोर कोणी ओवला?

२६ जानेवारी १९६१. सकाळचे साडेदहा. पुसदहून उमरखेडकडे उतरणारा घाट जिथे संपतो आणि रस्ता सरळ होतो, तिथे दोन्ही बाजूंना एकेक बाभूळ आहे. त्या दोन बाभळींच्या मध्ये, डांबरी रस्त्यावर, झेंडूची फुलं सांडली होती. फुलांत एक माणूस पडला होता. त्याच्यापासून बरीच पुढे, रस्त्याकडेच्या नालीत, चाकं वर करून मी पडले होते.

मी सायकल बोलतेय. तुम्ही रोज पाहता तसली उभी सायकल नव्हे. माझ्यावर माणूस बसत नाही, पाठ टेकून पसरतो. त्याचे पाय समोर, पायडल समोर, आणि डोकं जेमतेम बैलाच्या गुडघ्याच्या वर. मला लोक आडवी सायकल म्हणत. तोंडावर तसं म्हणत. माघारी काय म्हणत ते पुढे सांगते.

लोखंडानं बोलू नये, अशी रीत आहे. मीही इतकी वर्षं पाळली. पण ज्यानं बोलायचं त्याचा आवाज त्या सकाळी गेला, आणि ज्यांना आवाज आहे ते सगळे गप्प बसले. मग राहिलं कोण? मीच.

माझा जन्म एका पडण्यातून झाला. उमरखेडच्या बाजारात इकबाल मिस्त्रीचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. माणूस हुशार, आणि आपण हुशार आहोत हे गावाला विसरू न देणारा. छप्पन सालच्या कापसाच्या हंगामात तो एका खेड्यावरून परत येत होता. वाटेत त्याच्याच सायकलीचा चिमटा, पुढचं चाक धरतो तो, मोडला. मिस्त्रीची सायकल मोडली हे कोणाला दिसू नये म्हणून त्यानं ती एका बंडीतल्या, म्हणजे बैलगाडीतल्या, कापसाखाली लपवली आणि स्वतः वर चढून बसला. नाल्याच्या उतारावर बंडी कलंडली. कापूस एका बाजूला सांडला, इकबाल दुसऱ्या बाजूला. कापसाच्या बाजूला पडता तर कपडे झटकून उठला असता. दुसऱ्या बाजूला खडक होता.

कितीतरी दिवस तो खाटेवर होता. उठला तेव्हा उभा राहू शकत होता, हळूहळू चालू शकत होता. वाकू शकत नव्हता, आणि सायकलीच्या सीटवर तर मुळीच बसू शकत नव्हता.

त्याची बायको जमिला बोरी अरबची. तिची जीभ नवऱ्याइतकीच धारदार. ती म्हणाली, "घरी बसा म्हणावं, तं बसताही येत नाई तुमाले. मंग आता करा काय?"

"झोपून चालवतो," इकबाल म्हणाला.

"दुकान?"

"सायकल."

तिला वाटलं, तापात बोलतोय. पण खाटेवर पडल्या पडल्या तो छताला टांगलेल्या चाकांकडे पाहत असे, आणि त्याच्या डोक्यात मी जुळत असे.

दोन मेलेल्या सायकलींच्या नळ्या कापून माझा सांगाडा झाला. पुढचं चाक पोरांच्या सायकलीचं, लहान. मागचं मोठं. पायडल पार पुढे आणि ओढायचं चाक मागे, म्हणून तीन साखळ्या जोडून एक लांब साखळी केली. पाठ टेकायला त्याच्या आजारपणातल्या खाटेचीच लोखंडी पट्टी वाकवली आणि तिच्यावर जमिलेनं नवार विणली. विणताना ती शिव्याही देत होती. दोन्ही घट्ट बसलं.

आता एक गोष्ट नीट ऐका, कारण पुढे सगळ्या गावानं ती ऐकली नाही. पसरलेल्या माणसाचे हात अंगालगत असतात. म्हणून इकबालनं माझा दांडा, म्हणजे हँडल, समोर लावला नाही, सीटच्या खाली लावला. ब्रेकच्या मुठी त्याच दांड्याला. डावी पुढच्या चाकाची, उजवी मागच्या. मला दोन ब्रेक आहेत. जन्मापासून आहेत. आजही आहेत.

पहिल्यांदा मला रस्त्यावर आणलं तेव्हा बाजार थांबला. कुत्री मागे लागली. चहाच्या हॉटेलातून एक जण ओरडला, "मिस्त्री, ही तं तिरडी हाय ना बे. खांदेकरी कोठी गेले?"

इकबाल तसाच पसरलेला, मान न वळवता म्हणाला, "तुयी वाट पाहून राह्यले."

हॉटेल हसलं. पण नाव चिकटलं. माघारी मी तिरडी. एका कंबर मोडलेल्या माणसानं स्वतःला पुन्हा रस्त्यावर आणलं, आणि गावाला सुचलं काय, तर प्रेत वाहायचं साधन. माझा राग त्या दिवसापासूनचा आहे. नंतर तो वाढला, एवढंच.

माझे दोषही सांगते, म्हणजे मी एकतर्फी बोलते असं कोणी म्हणायला नको. चढावर मी गाढवाहून हळू. बाजाराच्या गर्दीत मी कोणाला दिसत नाही. वळायला मला अख्खा रस्ता लागतो. पण उतारावर मी कोण आहे, हे घाटाला विचारा.

उभ्या सायकलीवर माणसाची छाती म्हणजे वाऱ्यापुढची भिंत. शर्ट फुगतो, वारा धरून ठेवतो. माझ्यावरच्या माणसाला वारा धरू शकत नाही, तो पोटावरून, हनुवटीवरून मागे वाहून जातो. घाटात नुकतंच डांबर पडलं होतं. त्यावर पहिल्या उतारातच इकबालनं पायडल मारणं सोडलं. सुरुवातीला माझे आरे एकेक वेगळे ऐकू येतात. मग त्यांची गुणगुण होते. मग तीही थांबते आणि एकच लांब सूर उरतो. त्या सुरात गेल्यावर इकबालला समोर फक्त आपल्या दोन पावलांमधली फट दिसे, आणि त्या फटीतून रस्ता धावत अंगावर येई. सागाची झाडं दोन्ही बाजूंनी सलग भिंतीसारखी होत. तो मोठ्यानं हसत असे. खाटेवरच्या दिवसांत तो हसल्याचं मला आठवत नाही, कारण तेव्हा मी नव्हते. जमिलेला विचारा, ती सांगेल.

घाटावर मला चढवून न्यायचं काम रूपसिंगकडे आलं. रूपसिंग घाटाजवळच्या तांड्याचा. पुंडलिकरावांची जीप चालवायचा. मालक गावात नसले की तो मला जीपमध्ये मागे टाकून वर नेई. एकदा तो जीप घेऊन माझ्या बाजूनं उतरला. नजर जीपच्या काट्यावर.

"चाळीस, भिया," तो ओरडला. भिया म्हणजे त्याच्या बोलीत भाऊ. थोड्या वेळानं, "पन्नास मैल दावून राह्यलं." आणि मग, "आता जीपच थरथरते. तू जा बावा पुढे."

आम्ही पुढे गेलो. जीप मागे राहिली. संध्याकाळी इकबालनं बाजारात साठ सांगितलं. तो नेहमी दहा वाढवून सांगत असे. त्यामुळे खरे पन्नासही कोणी मानले नाहीत.

तरीही बातमी पसरली. केळापूरकडचा एक शेतकरी मला पाहायला आला. त्याच्या भावाची कंबर विहिरीच्या कामात गेली होती. त्यानं माझी नवार दाबून पाहिली, दोन्ही ब्रेक दाबून पाहिले, आणि म्हणाला, "असी एक आमाले करून दे, मिस्त्री." हा एकटा माणूस, ज्यानं मला पाहिल्यावर हसण्याआधी हात लावला. इकबालनं दुसऱ्या सायकलीसाठी नळ्या जमवायला सुरुवात केली. लोकांसमोर एकदा घाट उतरून दाखवला की अशा कंबर गेलेल्या माणसांची रांग लागेल, असं तो जमिलेला सांगे. ती म्हणे, "पहिले त्याइले सांगा, पन्नासच हाय म्हणून."

आणि मग पुंडलिकराव दुकानात आले.

पुंडलिकराव मोठे कापूसवाले. सव्वीस जानेवारीच्या उत्सव समितीचे अध्यक्ष. सोबत समितीची चारदोन माणसं होती. त्यांनी मला वरून खालपर्यंत पाहिलं, म्हणजे खालीच पाहिलं, कारण मी उंच नाही.

"माही जीप मागं टाकली म्हणते तुयी ही खाट?"

"जीपनं सोताच हार मानली, भाऊसाहेब. म्या काई म्हटलं नाई तिले."

ते हसले. त्यांना राग आला होता आणि तरी ते हसले. "मंग सव्वीस जानेवारीले दाखव समद्याइले. घाट बंद ठेवतो. रूपसिंग जीप घेऊन मागं राहीन, काटा पाहीन. जेवढे मैल दावन तेवढे माइकवर सांगतो."

इकबाल तयार झाला. त्याला तेच हवं होतं. त्याचे पन्नास दुसऱ्या कोणाच्या तरी तोंडून, माइकवर.

शेवटच्या रेषेचं काय करायचं, हे ठरवायला मुलींच्या शाळेच्या विमलताई आल्या होत्या. त्यांच्या मुली टकळीवर सूत कातत. शर्यतीच्या शेवटी आपल्याकडे सूत आडवं धरतात तसं दोन बाभळींमध्ये सूत बांधायचं, असं ठरलं. "छातीला लागताच तुटेल," विमलताई म्हणाल्या. "मुलींनीच कातलंय."

"छाती माही खाली राह्यते ताई," इकबाल म्हणाला. "सूत खाली बांधा. गळ्याजवळ येऊ द्या. सूतच तं हाय."

सूतच तं हाय. हे त्याचे शब्द. मी ऐकले.

विमलताई गेल्यावर माणसं ओट्यावर बसली आणि हाराचा विषय निघाला. पुंडलिकराव म्हणाले, "जिंकणाऱ्याले हार घालावा लागते. पण हा झोपून येते. म्या काय याच्यापुढे गुडघे टेकू? म्या मंत्र्यापुढे टेकले नाई."

"उठून उभा राहीन ना, भाऊसाहेब," इकबाल म्हणाला. "मंग घाला."

"तुले उठाले अर्धा घंटा लागते. अन् फोटोवाल्याले तू सायकलीवरच पायजे."

मग ओट्यावरून कोणीतरी म्हणालं, "हारच बांधा ना सुताच्या जागी. थो येईन अन् सोताच गळ्यात घालून घेईन. वाकाचं कामच नाई."

सगळे हसले. इकबालही हसला. आवाज कोणाचा होता? मी आत, भिंतीला टेकलेली होते. मला दिसलं नाही. जे दिसलं नाही ते मी सांगणार नाही. तसं सांगणारे नंतर पुष्कळ निघाले, त्यांच्यात मला बसायचं नाही.

मला वाटलं, थट्टा आहे. आपल्याकडे ही मोठी सोय आहे. थट्टेत म्हटलेलं कोणी केलं, तर म्हणणारा म्हणतो मी थट्टा केली, आणि करणारा म्हणतो मला तसं सांगितलं होतं.

सव्वीसची सकाळ कोरडी होती. झेंडावंदन झालं. घाटाच्या पायथ्याशी मांडव घातला होता. माइक, खुर्च्या, शाळेच्या मुली, फोटोवाला. वर घाटमाथ्यावर आम्ही तिघं. इकबाल, रूपसिंग आणि मी. जमिला येणार नव्हती, पण आली. तिनं माझ्या पाठीची नवार ओढून पाहिली, आणि इकबालला म्हणाली, "वळणावर दाबजा ब्रेक. हीरो बनू नका."

"बरं."

"बरं काय. सांगा, दाबीन म्हणून."

"दाबीन."

आणि त्यानं दाबला. हे माझं सगळ्यात महत्त्वाचं म्हणणं आहे. वरच्या लांब उतारावर आम्ही जीपला कधीच मागे टाकलं होतं. तो एकच सूर लागला, झाडांची भिंत झाली, तो हसला. मग शेवटच्या मोठ्या वळणाच्या आधी त्यानं दोन्ही मुठी आवळल्या. माझ्या दोन्ही चाकांवर रबर घासलं. वेग उतरू लागला. वळण नीट पार पडलं. समोर सरळ रस्ता, दोन बाभळी, पलीकडे माणसं.

आणि मध्ये पिवळीजर्द झेंडूची माळ.

सूत असतं तर दुरून दिसलंच नसतं. ही माळ दिसली. इकबालनं मला बाजूला घेतलं नाही. घेता आलं असतं, डाव्या बाभळीच्या बाहेरून मुरमाची पट्टी होती. त्यानं घेतलं नाही, कारण समोर फुलं होती. फुलांना कोण चुकवतं? त्याला ओट्यावरची थट्टा आठवली असेल. मला त्याच्या पाठीतून कळलं, तो सैल झाला. त्यानं मान थोडी वर केली, हार नीट पडावा म्हणून.

फुलांच्या आत अंबाडीचा दोर होता.

शेतातला दोर. बंडीवर कापसाची बोंदरी, म्हणजे गोणपाटाची चादर, आवळतात तो. झेंडूची भरगच्च माळ दोन बाभळींमध्ये ताणायची तर दोऱ्यात ओवून चालत नाही, वजनानं मध्ये लोंबते. फोटोत ती सरळ दिसावी, म्हणून ती कोणीतरी दोरात ओवली. आणि दोराची दोन्ही टोकं बाभळींना बंडीच्या गाठीनं आवळली. ती गाठ सुटत नाही. ती सुटू नये म्हणूनच मारतात.

दोर त्याच्या गळ्याला लागला. इकबाल तिथे थांबला. मी थांबले नाही. मी त्याच्या खालून निघून गेले, रिकामी. जाताना माझ्या पाठीच्या वरच्या टोकाचा बोल्ट दोराला घासला. मग नाली.

नालीत पडल्या पडल्या मी माइक ऐकला. माइकवर कोणीतरी म्हणत होतं, घाबरू नका, बाजूला व्हा, घाबरू नका. त्याच्या मागून जमिलेची किंकाळी आली नाही. ती अजून वर घाटात होती. चालत खाली येत होती. ती पोचेपर्यंत दोर नव्हता. फुलं होती, दोर नव्हता.

जमादार आला. त्यानं पंचनामा केला. तोही सांगते, कारण तो माझ्याबद्दल आहे आणि खोटा आहे. त्यात असं आहे की, शर्यतीचं सूत तोडून सायकलवाला पुढे गेला. वेग बेसुमार होता. सायकलीला ब्रेक आढळला नाही. तोल जाऊन तो पडला आणि स्वतःच्याच सायकलीच्या लोखंडानं त्याचा गळा दुखावला.

ब्रेक आढळला नाही. कुठे शोधला? जिथे उभ्या सायकलीचा असतो तिथे. माझ्या पुढे उभा राहून जमादारानं हवेत हात फिरवला, दांडा हाती लागला नाही, आणि लिहिणाऱ्याला म्हणाला, "ब्रेक नाई." दोन पंचांनी मान हलवली. एकानंही खाली वाकून सीटखाली पाहिलं नाही. या गोष्टीत वाकायला कोणीच तयार नव्हतं. अध्यक्ष वाकत नव्हते, पंच वाकत नव्हते. ज्याला खरोखर वाकता येत नव्हतं, तो एकटा दवाखान्यात पडला होता.

मी विचारते, मला ब्रेक नसता तर त्या वळणाच्या पुढे काय झालं असतं? वेग उतरला नसता, तर त्या दोरानं गळा दुखावला नसता, माणूसच संपवला असता. इकबाल जिवंत आहे हाच माझ्या ब्रेकचा पुरावा आहे. तो पुरावा रोज बाजारातून चालत जातो. कोणी पाहत नाही.

तो जिवंत आहे, पण त्याचा आवाज गेला. गळ्यातून हवा येते, शब्द येत नाही. त्याला लिहिता येत नाही. सगळी विद्या बोटांत आणि जिभेत. जबाब घ्यायला जमादार दवाखान्यात गेला तेव्हा इकबालनं आपल्या गळ्यावरून बोट आडवं ओढलं, मग दोन्ही मुठी हवेत आवळून दाखवल्या. पुन्हा ओढलं, पुन्हा आवळल्या. जमादार म्हणाला, "पाणी मागून राह्यला." आणि जबाब देण्यास असमर्थ, असं लिहून घेतलं. हे मला जमिलेनं सांगितलं. मला म्हणजे, माझ्यासमोर उभं राहून जमादारालाच.

रूपसिंगकडेही ती गेली होती. तोच आमच्या मागून जीपमध्ये आला होता. मांडवातली माणसं सोडली तर दोर दिसेल असा तोच एक होता. दोर तसाच ताणलेला असताना जीप त्याच्या अलीकडे थांबली असली पाहिजे, नाहीतर जीपही अडकली असती.

"मले काई दिसलं नाई, भाबी," रूपसिंग म्हणाला. "धूळ होती."

"डांबरावर धूळ कोठून आली, भैया?"

पुंडलिकरावांची जीप तो अजून चालवतो. मी त्याला दोष देते. तो गरीब आहे, चाकर आहे, हे सगळं मला माहीत आहे. तरी देते. त्यानंच मला पन्नास मैल वाचून दाखवले होते. ज्याला थरथरत्या जीपमधला काटा दिसला, त्याला माणसाच्या गळ्यातला दोर दिसला नाही?

पुंडलिकराव दवाखान्यात फळं घेऊन गेले. फळं देताना थोडे वाकले, असं ऐकलं.

आणि गाव? गावानं पंचनामा तोंडपाठ केला. मिस्त्रीच्या सायकलीला ब्रेकच नव्हता. बस्स. ज्याच्या स्वतःच्या सायकलीला ब्रेक नाही, त्याच्याकडून ब्रेक कोण कसून घेईल? पोरं पंक्चर काढायला येत, तेवढंच. पुढे तीही दुसरीकडे जाऊ लागली. केळापूरकडचा माणूस पुन्हा आला नाही. त्याच्या भावासाठी जमवलेल्या नळ्या दुकानाच्या कोपऱ्यात उभ्या होत्या, त्या उभ्याच गंजल्या. एक दोर बांधला गेला आणि दोन माणसांची सायकल गेली. त्यातल्या एकाचं तर नावही मला माहीत नाही.

मी मुद्देमाल झाले. ठाण्याच्या मागे पत्र्याची शेड आहे, तिथे हातभट्टीच्या मडक्यांच्या आणि कोणाच्या तरी कुऱ्हाडीच्या मध्ये मला उभी केली. उभी म्हणजे, भिंतीला टेकवून नाकावर. आडव्या सायकलीला आडवी ठेवायला जागा लागते, तेवढी त्यांच्याकडे नव्हती. पावसाळ्यात पत्रा गळतो. माझी नवार कुजली. लांब साखळी एकजीव झाली. ब्रेकचं रबर कडक झालं आहे, पण मूठ दाबली तर अजून सरकतं. दाबून पाहा. मी वर्षानुवर्षं हेच म्हणतेय. कोणीतरी एकदा मूठ दाबून पाहा.

आणि माझ्या पाठीच्या टोकाचा तो बोल्ट. त्याच्या आट्यांत अंबाडीचे तंतू अडकलेले आहेत. उंदरांनी नवार खाल्ली, ते खाल्ले नाहीत. सुताचे तंतू आणि अंबाडीचे तंतू यांतला फरक आपल्या भागात लहान पोरालाही कळतो. त्यासाठी कोणा मोठ्या साहेबाची गरज नाही. शेडचं दार उघडणाऱ्या माणसाची गरज आहे.

परवा दार उघडलं. जुना मुद्देमाल लिलावात काढायचा आहे. मी भंगारात जाणार. नळ्या वेगळ्या, चाकं वेगळी, बोल्ट कोणत्या डब्यात जाईल देव जाणे. हे कळताच जमिला आली. सोबत विमलताई होत्या. केस पांढरे झालेले, हातात कापडी पिशवी.

जमिला आताच्या जमादाराला म्हणाली, "विकायची तं विका. पण पहिले हिच्याखाली हात घाला, ब्रेक लागते का नाई पाहा, अन् तसं लिहा. मिस्त्रीच्या दुकानावर लावाचं हाय मले."

"बाई, कायले जुनं उकरून राह्यल्या? फाइल बंद झाली."

"दुकान बी बंद झालं. म्या उघडाले आली म्हणा."

मग विमलताईंनी पिशवीतून सुताची गुंडी काढली. पिवळट पडलेली, पण गाठ तशीच. त्या म्हणाल्या, "हे ते सूत. त्या सकाळी मांडवातल्या टेबलावर मला परत मिळालं. बांधलंच नव्हतं."

जमादारानं गुंडीकडे पाहिलं. "ताई, मंग तवा काहून नाई सांगितलं?"

"मला विचारलं, सूत दिलं होतं का. मी म्हणाले, दिलं होतं. वापरलं का, हे कोणी विचारलं नाही."

मला विमलताईंचाही राग आहे. न विचारलेलं सांगायला तोंड उघडावं लागतं, आणि त्यांना ते उघडायला इतकी वर्षं लागली. पण बाकीच्यांनी अजून उघडलेलं नाही, म्हणून त्यांना मी वेगळ्या रांगेत ठेवते.

जमादार म्हणाला, साहेबांना विचारून सांगतो. त्यानं गुंडी घेतली नाही. माझ्या सीटखाली हात घातला नाही. शेडला कुलूप लावलं. जाताना जमिलेनं कुलपावर हाताचा पंजा मारला, एकदाच. पत्रा बराच वेळ वाजत राहिला.

मला वाचवा, असं मी म्हणत नाही. मी लोखंड आहे, वितळले तर दुसरं काहीतरी होईन. मला फक्त मोडण्याआधी वाचा. बोल्ट वाचा, मुठी वाचा. मग खुशाल तिरडी म्हणा आणि न्या.

माळ दोरात कोणी ओवली, हे मला ठाऊक नाही. गाठ कोणी मारली, हेही नाही. दोर कोणी कापून नेला, ते जीपमधून दिसलं असणार, माझ्या नालीतून दिसलं नाही.

पंचनाम्यात अजून असं आहे की, इकबाल मिस्त्रीनं शर्यतीचं सूत तोडलं. ते सूत विमलताईंच्या पिशवीत आहे. कुठेही तुटलेलं नाही.